मंगेशला ऐकू येईपर्यंत

मुलुंडला राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई भांडी घासून, पदराला हात पुसत, दार उघडून उंबऱ्यात बसली. लालबागच्या चाळीत ती रोज अशीच बसायची. तिथे बसलं की लगेच शेजारच्या दोघी-तिघी येऊन टेकायच्या, कुणाच्या सुपात तांदूळ, कुणाच्या मांडीवर पोर, आणि मग संध्याकाळचे नळ येईपर्यंत ती मैफल मोडायची नाही. मुलुंडला ती बसली आणि कुणीच आलं नाही. समोरचं दार बंद होतं, त्याच्या बाजूचंही बंद होतं. जिना रिकामा होता आणि वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक चौकोन पायरीवर पडला होता. तो चौकोन सरकताना बघत आई बराच वेळ बसली, मग आत येऊन मला म्हणाली, "शैला गो, हय माणसां रवतत मा?" इथे माणसं राहतात ना, असं तिला विचारायचं होतं, आणि ती थट्टा करत नव्हती.

बाबांनी गिरणी सोडून भांडुपच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी धरली होती. कारखाना सायकलच्या अंतरावर असावा म्हणून त्यांनी मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला, एका तीन मजली इमारतीत दोन खोल्या घेतल्या. आज तिथे उभं राहून मिठागर म्हणजे कुठे, असं कुणी विचारलं तर मला बोट दाखवता येणार नाही. तेव्हा मात्र आमच्या गॅलरीतून मिठाचे पांढरे ढीग दिसायचे, त्यांच्या पलीकडे खाडीची हिरवी रेघ, आणि ओहोटीला चिखलाचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. मला त्या जागेचं जे नवल वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. गल्लीत झाडं होती, आणि ती कुणाचीच नव्हती. मुलं रस्त्याच्या मधोमध क्रिकेट खेळायची आणि एखादी गाडी आलीच तर गाडीवाला थांबायचा. दुपारी दोन ते चार अशी काही शांतता पडायची की शेजारणीच्या घड्याळाचा टोला आमच्या घरात मोजता येई. मी अकरा वर्षांची होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या श्वासाचा आवाज ऐकू आला. तो ऐकत मी गादीवर पडून राहायचे.

बाबांनी इथे आल्यावर दोन नियम केले. एक म्हणजे घरात मालवणी बोलायचं नाही, साधी मराठी बोलायची, कारण इमारतीत शिकलेले लोक आहेत. दुसरा म्हणजे मासे फक्त रविवारी, आणि तेही खिडक्या लावून, कारण खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन पूर्ण शाकाहारी. आईने पहिला नियम पहिल्याच दिवशी मोडला. दुसरा मात्र तिने मनापासून पाळला. रविवारी बांगडे तळताना ती खिडक्या-दारं बंद करून घामाघूम व्हायची, आणि वास गेला असेल का हे बघायला मला जिन्यात उभं करायची. मी जिन्यात उभी राहून नाक वर करायचे. वास अर्थातच तळमजल्यापर्यंत पोचलेला असायचा. हंसाबेन त्यांच्या दारात उदबत्ती लावायच्या, काही बोलायच्या नाहीत, आणि आईला त्या न बोलण्याचीच भीती वाटायची.

माझा भाऊ मंगेश तेव्हा तीन वर्षांचा व्हायचा होता. अंगाने गुटगुटीत, डोळे मोठे, आणि हसरा. बोलत नव्हता. चाळीत त्याची कुणाला काळजी वाटली नाही, कारण तिथे त्याला बोलायची वेळच येत नसे. पाणी हवं असेल असं वाटायच्या आत कुणीतरी पेला तोंडाला लावायचं. मुलगे उशिरा बोलतात, असं सगळ्याच बायका म्हणायच्या. आणि तो ऐकत नाही अशी शंका तर कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं, कारण चाळीची जमीन लाकडी होती. कुणी खोलीत पाऊल टाकलं की फळ्या हलायच्या, आणि जमिनीवर बसलेला मंगेश चटकन मान वळवून बघायचा. आई मागून आली की तो वळायचा, बाबा आले की वळायचा, मांजर सोडलं तर सगळ्यांकडे वळायचा. तो कानाने नाही, बसल्या जागी अंगाने ऐकत होता. मुलुंडच्या घरात मोझेकच्या लाद्या होत्या. लाद्यांनी त्याला काहीच सांगितलं नाही.

कळशी पडली ती श्रावणातल्या एका दुपारी. मंगेश खाटेवर आमच्याकडे पाठ करून बसला होता आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची रांग लावत होता. आई मांडणीवरून पितळेची कळशी उतरवत होती. ती हातातून निसटली आणि लादीवर अशी काही आदळली की मी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्या शांततेत तो आवाज इमारतभर घुमला, गॅलरीतले कावळे उडाले. मंगेशने पुढचा चिमटा उचलला आणि रांगेत ठेवला. आई त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. मग तिने वाकून कळशी उचलली, छातीपर्यंत नेली आणि सोडून दिली. तो वळला नाही. तिने ती पुन्हा उचलली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, जणू ती एखादं रोजचं काम करत होती. तेवढ्यात हंसाबेन धापा टाकत जिना चढून आल्या. आमच्या घरात त्या पहिल्यांदाच येत होत्या.

"काय झाला, भाभी? कोण पडला?"

आईने उत्तर म्हणून कळशी आणखी एकदा सोडली आणि खाटेकडे बोट केलं. हंसाबेन आधी गोंधळल्या. मग मंगेशकडे बघून त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुढे होऊन आईच्या हातातून कळशी काढून घेतली, कोपऱ्यात ठेवली आणि आईला जमिनीवर बसवून स्वतः शेजारी बसल्या. "ह्येका आयकाक येणा नाय," आई म्हणाली. हंसाबेनना मालवणी कळत नव्हती. त्यांनी मान हलवली.

बाबांनी मानलं नाही. संध्याकाळी डबा खाली ठेवायच्या आत आईने त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काहीतरीच. माझा चुलता पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि नंतर थांबवावा लागायचा." चहा पिऊन झाल्यावर ते उठले, गॅलरीत खेळणाऱ्या मंगेशच्या मागे चार हात अंतरावर उभे राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मंगेश." मग थोडं मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. माझे बाबा घरात आवाज चढवणारे नव्हते. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, धडधडाटात बोलायची सवय असूनही घरात ते हळू बोलायचे. त्या संध्याकाळी त्यांचा आवाज चढत चढत असा झाला की गल्लीतलं क्रिकेट थांबलं आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत माणसं आली. शेवटची हाक तर नुसता आवाज होती, तिच्यात नाव उरलं नव्हतं. मंगेश गॅलरीच्या गजांतून खालच्या मुलांकडे बघत होता. मुलं वर का बघताहेत याचं नवल वाटून त्याने मान वळवली, बाबांना बघितलं आणि आनंदाने हात वर केले, मला घ्या म्हणून. बाबांनी त्याला उचललं. त्या रात्री आम्ही कुणी जेवलो नाही, एकटा मंगेश जेवला.

शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात आम्ही त्याला घेऊन गेलो. तिथली एक खोली माझ्या लक्षात आहे. भिंतींना जाड मऊ अस्तर होतं आणि दार बंद झाल्यावर मुलुंडची दुपारसुद्धा गोंगाटाची वाटावी अशी शांतता होती. तपासणाऱ्या बाई वयाने लहान होत्या, पण बोलायच्या ठामपणे. त्या म्हणाल्या, "अगदी काहीच ऐकू येत नाही असं नाही. थोडं शिल्लक आहे. बारीक, चिरके आवाज नाही, पण जाड, खालचे आवाज मशीन लावल्यावर पोचतील." मग त्यांनी आईकडे खुर्ची वळवली. "पण मशीन फक्त आवाज देतं. आवाजाचा शब्द तुम्हाला करायचाय. रोज, दिवसभर, त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन. आणि घरात एकच भाषा बोला, दोन-दोन नको."

बाबा लगेच म्हणाले, "मराठीच. शुद्ध मराठी. हिला सांगतो मी."

"तुम्ही घरात काय बोलता?" बाईंनी आईला विचारलं.

आई खाली बघून म्हणाली, "मालवणी."

"मग तीच."

"पण शाळेत त्याला—" बाबा बोलायला लागले, आणि आईने त्यांना माझ्या आठवणीत पहिल्यांदा मध्येच थांबवलं. "माझ्या तोंडात जी भाषा आसा, तीच तेका गावतली," ती म्हणाली. "दुसरी मी खंयसून हाडू?" जी माझ्या तोंडात आहे तीच त्याला मिळेल, दुसरी मी कुठून आणू? बाईंना ते समजलं असावं, कारण त्या हसल्या आणि कागदावर पुढची तारीख लिहायला लागल्या.

मशीन म्हणजे काड्यापेटीहून जरा मोठी डबी होती, तिला दोन वायरी आणि कानात बसवायची दोन बोंडं. डबी छातीवर राहायला हवी, आणि कापड घासलं तर मंगेशला खरखर ऐकू जाणार, म्हणून आईने आपलं जुनं मऊ लुगडं फाडून त्याच्या प्रत्येक गंजीफ्रॉकला खिसा शिवला. पहिल्यांदा ती डबी चालू केली तेव्हा आम्ही सगळे त्याच्याभोवती गोल करून बसलो होतो, हंसाबेनही होत्या. मला वाटलं होतं तो हसेल. तो रडेल असं आईला वाटलं होतं. त्याने दोन्हीही केलं नाही. तो फक्त थांबला. हात हवेत, तोंड थोडं उघडं, नजर कुठेच लागलेली नाही. देवळात गाभाऱ्याचा पडदा बाजूला होतो त्या क्षणी माणसं जशी थांबतात, तसा. मग त्याने हातातला चमचा ताटावर आपटला, आणि दचकला, आणि चमच्याकडे बघितलं, आणि पुन्हा आपटला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो ताट वाजवत होता. शांततेसाठी नावाजलेल्या आमच्या इमारतीत वरून, खालून, शेजारून कुणीही एक शब्द बोललं नाही. वरच्या मजल्यावरचे एक पेन्शनर आजोबा, ज्यांच्या दुपारच्या झोपेसाठी आम्हा मुलांना जिन्यात कुजबुजत चालावं लागे, ते खाली उतरून दारात उभे राहिले आणि बराच वेळ ते ताट-वादन ऐकून, मान डोलावून परत गेले.

त्यानंतर आईचं बोलणं सुरू झालं. ते कसं होतं हे सांगताना आजही माझे शब्द अपुरे पडतात. ती मंगेशला ओट्यावर बसवायची, त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवायची आणि बोलायची. "ह्यो नारळ. नारळ फोडूया. बघ, पाणी इलां. पाणी." कोकमाची सोलं भिजत घातली की सोलं, तांदूळ वाटले की तांदूळ, घावन उलटलं की घावन. त्याच्याकडून काही येत नसे. भिंतीवर चेंडू टाकला तर तो परत येतो, आईचे शब्द परत येत नव्हते, तरी ती टाकत राहायची. सकाळी बोलायला लागली की संध्याकाळी तिचा आवाज बसलेला असायचा. हळूहळू हंसाबेनही शिकल्या. गुजराती वळणाने त्या म्हणायच्या, "मंगेश, हय ये. तुका काय होया?" आणि मी हसू दाबायचे. पुढे गल्लीतली क्रिकेट खेळणारी मुलं, त्यात दोन तमिळ भाऊ होते, तीही त्याच्याशी मालवणीच बोलायला लागली, कारण मंगेशची भाषा ती आहे आणि त्याला दुसरी दाखवायची नाही, असं हंसाबेननी सगळ्यांना बजावलं होतं. एका रविवारी आईने खिडक्या लावायला घेतल्या तर हंसाबेन खालून ओरडल्या, "खिडकी कशाला बंद करते, भाभी? त्याला वास पण शिकव ना." त्यांनी उदबत्ती मात्र लावली.

मंगेशचं ऐकणं कानापेक्षा डोळ्यांनी जास्त व्हायचं. तो आईच्या ओठांकडे असा बघायचा की मला वाटे, हा तिच्या तोंडातून शब्द उचलून घेतोय. काही वर्षांपूर्वी आई आजारी पडली आणि शेवटचे काही दिवस तिचा आवाज गेला. ओठ हलायचे, शब्द बाहेर यायचा नाही. मी कान तिच्या तोंडाशी नेऊन रडकुंडीला यायचे, नर्स पाणी हवं का, दुखतंय का विचारत राहायच्या. मंगेश त्याच्या कामाच्या कारखान्यातून थेट इस्पितळात आला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "पडदो सरकव म्हणता ती. उजेड होयो तिका." पुढचे सगळे दिवस तोच तिथे बसला आणि आई आमच्याशी त्याच्या तोंडून बोलली. हे मी इथेच लिहून टाकते, कारण त्या प्रसंगाबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता यायचं नाही.

भोंग्याची कल्पना बाबांची. जाड आवाज पोचतो, असं त्या बाई म्हणाल्या होत्या, ते त्यांनी मनात ठेवलं होतं. एके दिवशी सायकलची घंटी काढून त्यांनी तिथे रबरी फुग्याचा पितळी भोंगा बसवला, पाववाल्यांच्या सायकलला असतो तसा. ठरलं असं की संध्याकाळी कारखान्यातून येताना ते गल्लीच्या टोकाला वळले की भोंगा वाजवतील, आई मंगेशला घेऊन फाटकाशी थांबेल, त्याच्या कानाला बोट लावेल आणि म्हणेल, "आयक. बाबा इलो." ऐक, बाबा आला. पहिल्याच संध्याकाळी दोन घरांतल्या बायका ताटल्या घेऊन पाव घ्यायला खाली आल्या आणि बाबांना बघून ओशाळल्या. बाबा त्यांच्याहून जास्त ओशाळले. ते नीटनेटके, अबोल गृहस्थ होते, इस्त्रीच्या कपड्यांत कामावर जायचे, आणि लोकांनी आपल्याकडे बघावं हे त्यांना कधीच रुचलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी भोंगा वाजवला, तिसऱ्या दिवशीही.

आणि मग ती गोष्ट व्हायला लागली जिच्यासाठी मी हे प्रकरण लिहायला बसले. बाबांच्या यायच्या वेळेला गल्ली गप्प व्हायची. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. क्रिकेटमध्ये बोलर चेंडू हातात धरून उभा राहायचा. हंसाबेन रेडिओ बंद करायच्या. समोरच्या इमारतीत कुणी गालिचा झटकत असेल तर ती बाई काठी खाली घ्यायची. टोकाकडून भोंगा यायचा, पों, पों, आणि सगळे मंगेशकडे बघायचे. तो आईच्या ओठांकडे बघत असायचा, किंवा मुलांच्या बॅटकडे. बाबा फाटकाशी येऊन सायकलवरून उतरले की तो त्यांना बघून उड्या मारायचा. भोंग्याचं मात्र त्याला काही नव्हतं. मग चेंडू पुन्हा टाकला जायचा, रेडिओ लागायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. परक्या माणसांनी एका पोरासाठी रोज थोडा वेळ श्वास धरून थांबावं, हे मी त्या वयात दर संध्याकाळी बघितलं. मोठी झाल्यावर लोकांबद्दल बरंच वाईटसाईट कानावर आलं, पण ते पूर्ण खरं मानणं मला कधी जमलं नाही.

पावसाळा गेला, थंडी आली आणि गेली. एका रविवारी सकाळी बाबांनी पाना घेतला आणि भोंगा सायकलवरून काढला. "पुरे झालं," ते म्हणाले. "त्याला त्रास, लोकांना त्रास. रोज सगळे बघतात आणि रोज काही होत नाही." आई घावनाचं पीठ ढवळत होती. ती म्हणाली, "तुमका कोणी काय बोललां?"

"कुणी बोललं नाही. म्हणूनच जास्त वाटतं."

त्यांनी भोंगा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला. सोमवारी संध्याकाळी बाबा आले तेव्हा गल्ली नेहमीसारखी थांबली, आणि सायकल नुसतीच चाकांचा आवाज करत आली. हंसाबेननी खिडकीतून विचारलं, "भोंपू बिघडला?" बाबांनी मान खाली घालून हो म्हटलं.

त्यानंतर फार दिवस गेले नव्हते. मी शाळेतून येऊन दप्तर टाकलं होतं. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती आणि मंगेश तिच्या शेजारी खिडकीकडे पाठ करून चिमटे मांडत होता. खाली रोजचा पाववाला आला आणि त्याने भोंगा वाजवला. मला तो ऐकू आला आणि नाही आला, रोजच्या आवाजांचं होतं तसं. मंगेशचा हात थांबला. त्याने चिमटा खाली ठेवला, वळून आईची हनुवटी धरली, तिचा चेहरा आपल्याकडे वळवला, आणि म्हणाला, "इओ."

आईला वाटलं तो नेहमीसारखा काहीतरी आवाज करतोय. पण मग तिने तो शब्द ओळखला आणि सवयीने त्याची चूक सुधारली. "इलो. पण आता खंय? बाबा सांजवेळी येतले."

खाली पाववाल्याने पुन्हा भोंगा वाजवला. मंगेशने तिची हनुवटी सोडली नाही. दुसऱ्या हाताने त्याने खिडकीकडे बोट केलं. त्याच्या चेहऱ्यावर थोडी चीड होती, इतकं सोपं हिला कळत कसं नाही अशी. "बाबा इओ," तो म्हणाला.

आई उठली ती मांडीवरचं ताट घेऊनच उठली. तांदूळ सगळ्या लाद्यांवर सांडले. ती अनवाणी जिना उतरली, आणि मी खिडकीतून बघितलं तर ती पाववाल्याची सायकल हॅन्डलला धरून मागे भिंतीच्या आड ढकलत होती. बिचारा माणूस घाबरला. "क्या हुआ, बाई? पाव बासी था क्या?"

"बजाओ," आई म्हणाली. "इधरसे बजाओ. वो देखेगा नहीं, इधरसे." मग वर बघून मला, "शैला गो, तेची पाठ कर हयसर."

मी मंगेशला धरून खिडकीकडे त्याची पाठ केली. भोंगा वाजला. मंगेशने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "इओ." पुन्हा वाजला, पुन्हा म्हणाला. पाववाल्याला काय चाललंय ते हंसाबेननी समजावलं तेव्हा त्याने सायकल स्टँडवर लावली, आणि आई थांबा म्हणेपर्यंत तो भोंगा दाबत राहिला. मंगेश खाली आल्यावर पाववाल्याने टोपलीतून एक गरम पाव काढून त्याच्या हातात दिला आणि आपल्या छातीला हात लावून सांगितलं, "मैं बाबा नहीं, बेटा. मैं पाववाला." मग तो निघाला आणि टोकापर्यंत जाताना दर थोड्या अंतरावर वाजवत गेला.

बाबा आले तेव्हा सगळी इमारत खाली जमली होती. त्यांनी फाटकाशी उतरून एवढी माणसं बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, काहीतरी वाईट झालंय. आईने सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. "पाववाल्याला म्हणाला?" त्यांनी विचारलं. "मला नाही?"

"तुमकाच म्हणालो," आई म्हणाली. "तेका वाटलां तुमी."

बाबा सायकल तशीच टाकून वर गेले. स्टूल ओढल्याचा आवाज आला, माळ्यावरून काहीतरी खाली पडलं. ते परत आले तेव्हा हातात भोंगा होता, वर्तमानपत्राचा तुकडा अजून त्याला चिकटलेला. कुणाकडे न बघता, कामावरून आलेल्या कपड्यांतच, ते गल्लीतून टोकाकडे चालत गेले. सायकल नाही, नुसता हातात भोंगा धरून चाललेला माणूस, आणि दोन्ही बाजूंना गप्प उभी असलेली गल्ली. टोकाच्या रेनट्रीच्या झाडाखाली जाऊन ते थांबले. आईने मंगेशला फाटकाच्या पायरीवर रस्त्याकडे पाठ करून बसवलं. तो दुपारपासून जपलेल्या पावाचा शेवटचा तुकडा चघळत होता.

भोंगा वाजला. इतक्या लांबून तो अगदी बारका वाटला. मंगेश चघळायचा थांबला. त्याने गिळलं, आईकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा इओ."

टोकाला बाबांपर्यंत ते पोचणं शक्य नव्हतं. तमिळ भावांपैकी मोठा गल्लीच्या मध्यावर उभा होता, त्याने हात वर करून ओरडून सांगितलं, "काका, बोलला. इलो बोलला." बाबा हलले नाहीत. झाडाखालून पुन्हा भोंगा आला. मंगेश पुन्हा म्हणाला, मुलाने पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. एरवी लोकांनी बघितलेलं ज्यांना सहन होत नसे ते माझे बाबा सगळ्यांच्या देखत तिथे उभे राहून एकसारखे भोंगा दाबत होते. त्यांचा चेहरा मला लांबून दिसत नव्हता. त्यांचे खांदे दिसत होते. हंसाबेन रडत होत्या. आई रडत नव्हती. ती पदराने मंगेशच्या तोंडाला लागलेला पावाचा भुगा पुसत होती.

"आता तेंका कोणीतरी घराक हाडा," ती म्हणाली.

आमच्यापैकी कुणी जायच्या आत मंगेश पायरीवरून उतरला. त्याने एका हाताने छातीवरची डबी घट्ट धरली, वळला, आणि आवाजाच्या दिशेने चालायला लागला.